क्लोन चालू झाला, फेरफार राहिला

"काका, मोठा आर लावला तर जाईल म्हणतंय. लावू?"

२०२४ च्या जुलैतली संध्याकाळ होती. दापोली तालुक्यातल्या एका बंदरावरच्या मच्छीमार सहकारी संस्थेचे कार्यालय. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता, होड्या शाकारून वर ओढलेल्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणून सर्व्हरची वर्षाची देखभाल आम्ही याच दोन महिन्यांत करतो. संस्थेचा ऑपरेटर, एका तांडेलाचा मुलगा, कीबोर्डवर बसला होता आणि मी मागे इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालत होतो. सर्व्हरचा पूल, म्हणजे सगळ्या डिस्क मिळून झालेला जागेचा साठा, ९३ टक्के भरला होता. 'हिशेब' नावाचे जुने व्हॉल्यूम (पूलमधून कापून दिलेली आभासी डिस्क) वर्षभर कुणी वापरलेले नाही, ते काढले की जागा होईल, असा त्याचा सरळ विचार.

त्याने आधी काढण्याच्या आज्ञेला लहान आर (-r) लावून पाहिला होता. सर्व्हरची साठवण सांभाळणाऱ्या झेडएफएस या प्रणालीने नकार दिला: या व्हॉल्यूमवर अवलंबून असलेले क्लोन (त्याच्यावरून काढलेली, त्याच डेटावर टेकलेली व्हॉल्यूम्स) आहेत, त्यांच्यासकट काढायचे असेल तर मोठा आर लावा. आणि खाली, वेगळ्या ओळीत, त्या क्लोनचे नाव छापले होते: 'हिशेब-चाचणी'.

"चाचणीच तर आहे," तो म्हणाला.

ती चाचणी नव्हती. गेले तेरा महिने संस्थेचा सगळा हिशेब त्याच व्हॉल्यूमवर चालत होता. सभासदांची खाती, बर्फ कारखान्याची बिले, डिझेल परताव्याचे प्रस्ताव, सगळे. मी बाटली खाली ठेवली आणि त्याचा हात कीबोर्डवरून उचलला.

एक गोष्ट इथेच सांगतो. एरवी हिशेबाचे व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारा आभासी संगणक, चालू असते आणि चालू मशीनने धरून ठेवलेले व्हॉल्यूम झेडएफएस काढू देत नाही, 'बिझी' म्हणून नाकारते. त्या दिवशी देखभालीसाठी मशीन बंद होते. म्हणजे तो शेवटचा अडसरही आम्हीच काढून ठेवला होता. एन्टर दाबला असता तर जुने व्हॉल्यूम, त्याचे स्नॅपशॉट (त्या त्या क्षणाच्या गोठवलेल्या नोंदी), चालू व्हॉल्यूम आणि त्याचे स्नॅपशॉट, सगळे एका झटक्यात गेले असते.

चूक त्या मुलाची नव्हती. तो क्लोन मी केला होता आणि 'हिशेब-चाचणी' हे नावही मीच दिले होते.

झाले असे. २०२३ च्या जूनमध्ये हिशेबाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकायची होती. चालू डेटावर थेट प्रयोग नको म्हणून मी 'हिशेब' व्हॉल्यूमचा 'प्रीअपडेट' नावाने स्नॅपशॉट घेतला, त्यावरून क्लोन काढला आणि नवी आवृत्ती क्लोनवर चढवली. दोन दिवस ताळा केला. पैन् पै जुळली. सचिवसाहेब म्हणाले, "आता यावरच चालू द्या, परत कशाला तेच करायचं?" मलाही पटले. मशीन क्लोनवर वळवले, जुने व्हॉल्यूम 'असू दे चार दिवस' म्हणून ठेवले आणि दाभोळच्या फेरीबोटीने गुहागरला परत गेलो. चार दिवसांचे तेरा महिने झाले.

कोकणातल्या माणसाला हे प्रकरण जोत्यावरून सांगितले की लगेच कळते. मूळ व्हॉल्यूम म्हणजे वडिलोपार्जित घर. स्नॅपशॉट म्हणजे त्या घराची त्या दिवशीची मोजणी: कुठला चिरा कुठे आहे याची नोंद आणि यादीतला एकही चिरा हलवायचा नाही ही अट. क्लोन म्हणजे धाकट्या भावाने त्याच जोत्यावर उभारलेले घर. तो नवीन भिंत बांधतो तेव्हा तेवढेच नवे चिरे लागतात. बाकी सगळे जोते सामाईक. म्हणूनच क्लोन क्षणात होतो आणि सुरुवातीला जवळजवळ काहीच जागा घेत नाही. पण मोठ्या भावाचे घर पाडायला गेलात तर जोते उखडेल आणि धाकट्याचे घर खाली येईल. म्हणून झेडएफएस अडून बसते. क्लोन ज्या स्नॅपशॉटवरून निघाला तो ओरिजिन क्लोन असेपर्यंत काढता येत नाही आणि ओरिजिन आहे तोवर त्याचे मूळ व्हॉल्यूमही काढता येत नाही.

आता हे सोडवायचे दोन मार्ग. एक, धाकट्यासाठी दुसरीकडे नवे जोते घालायचे, म्हणजे सगळा डेटा पूर्ण नकलून घ्यायचा. दोन, जोत्याचा फेरफार करायचा: सातबारावर जोते धाकट्याच्या नावे चढवायचे आणि थोरल्याला त्याचा आश्रित करायचा. चिरा एकही हलत नाही, फक्त नोंद बदलते. झेडएफएसमध्ये या फेरफाराला 'प्रमोट' म्हणतात. ओरिजिन स्नॅपशॉट आणि त्याच्याआधीचे मूळ व्हॉल्यूमचे सगळे स्नॅपशॉट क्लोनच्या नावावर जातात, क्लोन मूळ होतो आणि मूळ त्याचा क्लोन. डेटा कुठेच नकलला जात नसल्यामुळे काम लगेच होते. २०२३ च्या जूनमध्ये, मशीन क्लोनवर वळवले त्याच संध्याकाळी, ही एक ओळ चालवायची राहिली.

त्या रात्री मी घरी गेलो नाही. काहीही काढण्याआधी काय काय कशावर टेकले आहे ते बघायचे ठरवले आणि तिथे जे दिसले ते मोठ्या आरपेक्षाही वाईट होते.

संस्थेचा रोजचा बॅकअप दुसऱ्या गावातल्या मशीनवर जातो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा कार्यालयाचे पत्रे उडाले, कागद भिजून लगदा झाला आणि वीज कित्येक दिवस नव्हती. त्यानंतर सचिवसाहेबांनी स्वतः आग्रह धरला की हिशेबाची एक प्रत या गावाबाहेर असलीच पाहिजे. म्हणून रोज रात्री स्क्रिप्ट स्नॅपशॉट घेते आणि कालच्यापेक्षा जेवढे बदलले तेवढेच पलीकडे पाठवते. मी स्नॅपशॉटची यादी काढली आणि त्यात 'रिटन' हा रकाना जोडला. आधीच्या स्नॅपशॉटनंतर किती नवा डेटा लिहिला गेला, ते हा रकाना सांगतो. यादी अशी होती: शून्य. शून्य. शून्य. तीस ओळी, तीस शून्ये.

स्क्रिप्टमध्ये व्हॉल्यूमचे नाव 'हिशेब' होते. ती इमानेइतबारे रोज रात्री एका बंद घराचा फोटो काढून पलीकडे पाठवत होती. पाठवायला काहीच नव्हते म्हणून काम काही सेकंदांत उरकत होते आणि मला मेल येत होता, विषय 'बॅकअप पूर्ण'. त्याच मेलमध्ये आत, अकराव्या ओळीवर, दुसरी एक तक्रारही रोज छापलेली होती: तीस दिवसांपेक्षा जुना 'प्रीअपडेट' काढता येत नाही, त्याच्यावर क्लोन अवलंबून आहे. मी विषय वाचत होतो, अकरावी ओळ वाचत नव्हतो. झेडएफएस मला रोज सांगत होते.

मग ३१ मार्च आठवला आणि पोटात गोळा आला. वर्षअखेरचे स्नॅपशॉट आम्ही लेखापरीक्षणासाठी जपून ठेवतो, तेही तीच स्क्रिप्ट घेते. ३१ मार्च २०२४ चा स्नॅपशॉट यादीत होता. त्यातला हिशेब मात्र जून २०२३ ला थांबलेला. २०२३-२४ चे वर्ष ज्या दिवशी बंद झाले त्या दिवसाची खरी प्रत कुठेच नव्हती.

ऑपरेटर तोवर चहा घेऊन आला होता. मी त्याला सांगितले. त्याने काही न बोलता कपाटातून लाल कापडी बांधणीची वही काढली. त्याला सवय आहे: मोठे काही करण्याआधी हाताने स्नॅपशॉट घ्यायचा आणि वहीत तारीख, वेळ, कारण लिहायचे. वडिलांना होडीवर जाळे कधी टाकले, कधी ओढले हे लिहिताना बघत मोठा झालेला मुलगा. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "हे बघा काका. १ एप्रिल, सकाळी ८.४०. नवीन वर्षाच्या नोंदी सुरू करण्याआधी." आणि तो स्नॅपशॉट त्याने चालू व्हॉल्यूमवर घेतला होता, कारण त्याला चालू मशीनचेच नाव माहीत होते, खालच्या व्हॉल्यूमचे नाही. आतला शेवटचा व्हाउचर ३१ मार्चच्या संध्याकाळचा होता.

त्या स्नॅपशॉटवर मी लगेच होल्ड लावला. होल्ड असेपर्यंत स्नॅपशॉट कुणालाच काढता येत नाही, मला सुद्धा नाही.

पुढचे काम क्रमाने केले आणि क्रमच यात सगळ्यात महत्त्वाचा आहे. पहिली गोष्ट, चालू व्हॉल्यूमचा ताजा स्नॅपशॉट घेऊन तो बाहेरच्या ४ टीबी डिस्कवरच्या वेगळ्या पूलमध्ये पूर्ण पाठवला. इन्क्रिमेंटल, म्हणजे नुसता फरक, नाही, पूर्ण. क्लोनचा पूर्ण प्रवाह पाठवला की समोर उतरते ते स्वतंत्र व्हॉल्यूम असते. त्याला ओरिजिन नसतो, मूळ घराशी काही नाते उरत नाही. हेच ते दुसरीकडे घातलेले नवे जोते. मुळात क्लोन सोडवायला हाच मार्ग सर्व्हरच्या पूलमध्येही वापरता आला असता, पण ३१० जीबी मावायला ९३ टक्के भरलेल्या पूलमध्ये जागा कुठली? आणि इतका भरलेला झेडएफएस पूल आधीच रखडत चालतो, त्याला मोकळे ब्लॉक, म्हणजे डेटा ठेवायचे छोटे तुकडे, शोधत फिरावे लागते. डिस्कवर नक्कल उतरली, मी तिच्यावरून मशीन चालू करून ताळेबंद उघडून पाहिला. आता काहीही बिघडले तरी संस्थेचा हिशेब शाबूत होता. रात्रीचा एक वाजला होता.

दुसरी गोष्ट, पूलचा चेकपॉइंट घेतला. २०१९ मध्ये आलेल्या झेडएफएस ऑन लिनक्स ०.८ पासून ही सोय आहे: संपूर्ण पूल त्या क्षणाला परत नेता येतो, काढून टाकलेली व्हॉल्यूम्स सुद्धा परत येतात. ही सोय फार लोक वापरत नाहीत, पण अशा कामाआधी वापरलीच पाहिजे. मात्र चेकपॉइंट असेपर्यंत मोकळी केलेली जागा खरोखर मोकळी होत नाही, म्हणून तो खात्री पटेपर्यंतच ठेवायचा.

मग प्रमोट चालवले. नकार आला.

दोन्हीकडे एकाच नावाचा स्नॅपशॉट होता. मूळ व्हॉल्यूमवरचा माझा 'प्रीअपडेट', जो ओरिजिन. आणि त्या मुलाने डिसेंबरमध्ये विंडोजच्या अपडेटआधी चालू व्हॉल्यूमवर घेतलेला 'प्रीअपडेट'. प्रमोट करताना ओरिजिन क्लोनकडे येतो, तिथे त्याच नावाचा आधीच बसलेला असला तर दोघांना एकत्र राहता येत नाही. वहीत बघून डिसेंबरच्या स्नॅपशॉटला तारखेचे नाव दिले, पुन्हा प्रमोट चालवले. डोळ्याची पापणी लवायच्या आत झाले. ओरिजिनचा रकाना तपासला: 'हिशेब-चाचणी'समोर आता आडवी रेघ, म्हणजे ओरिजिन नाही, आणि 'हिशेब'समोर 'हिशेब-चाचणी'चा 'प्रीअपडेट'. फेरफार झाला. मशीन चालू केले, खाती उघडली, सगळे जागेवर. चेकपॉइंट टाकून दिला.

जुने 'हिशेब' आता नुसता आश्रित होता. लहान आर लावून काढले, तक्रार न करता गेले. पूल बघितला. ९३ टक्के.

ऑपरेटर माझ्याकडे बघत राहिला. हा प्रसंग मी मुद्दाम विस्ताराने लिहितो आहे, कारण प्रमोट केले की जागा सुटते अशी समजूत मी जाणत्या लोकांतही पाहिली आहे. जुने व्हॉल्यूम तेरा महिने बंद होते, म्हणजे त्यात जे होते ते अक्षरशः 'प्रीअपडेट'मध्ये जसेच्या तसे होते. व्हॉल्यूम गेले तरी चिरे स्नॅपशॉटने धरलेले, आणि ते स्नॅपशॉट आता चालू व्हॉल्यूमच्या नावावर आलेले. प्रमोटने जागा सुटत नाही. जागा सोडण्याचा अधिकार तुमच्याकडे येतो, एवढेच.

मग 'प्रीअपडेट' काढल्यास किती सुटेल ते कोरड्या चाचणीने विचारले. काढण्याच्या आज्ञेला एन आणि व्ही लावले की झेडएफएस काहीच न काढता फक्त आकडा सांगते. उत्तर: ३८ जीबी. एवढेच, कारण त्यातले बहुतेक ब्लॉक ३१ मार्च २०२२ आणि ३१ मार्च २०२३ च्या स्नॅपशॉटनेही धरले होते. स्नॅपशॉटसमोर दिसणारी 'यूज्ड' जागा म्हणजे फक्त त्याच्या एकट्याची, दुसऱ्या कुणाशीही सामाईक नसलेली. तीन जणांनी मिळून धरलेला ब्लॉक तिघांपैकी कुणाच्याच खात्यात दिसत नाही. म्हणून एकेकाचा आकडा बघून बेरीज करायची नाही, सलग पट्ट्याचा आकडा विचारायचा. मार्च २०२२ पासून 'प्रीअपडेट'पर्यंतचा पूर्ण पट्टा विचारला तेव्हा उत्तर आले ४१० जीबी. हा फरक कुठून आला तेही शोधले: हिशेबाचे सॉफ्टवेअर रोज रात्री त्याच व्हॉल्यूममध्ये स्वतःची ९ जीबीची प्रत लिहिते आणि जुन्या पुसते. पुसलेली प्रत सॉफ्टवेअरच्या दृष्टीने गेली, पण स्नॅपशॉटने धरली असेल तर पूलमध्ये तशीच पडून राहते.

पण ते मार्चचे स्नॅपशॉट मी माझ्या मनाने काढू शकत नव्हतो. सकाळी सचिवसाहेब आल्यावर विचारले. त्या दोन्ही वर्षांचे लेखापरीक्षण पूर्ण झाले होते. ते म्हणाले, "तुमच्या डिस्कवर आणि त्या गावच्या मशीनवर, अशा दोन ठिकाणी राहू देत आणि मला तसं लिहून द्या." तसे केले. चालू व्हॉल्यूम सगळ्या स्नॅपशॉटसह डिस्कवर पाठवले, ते तिथे नीट उतरून उघडते आहे हे पाहिले आणि मगच सर्व्हरवरचा पट्टा काढला. पूल ७० टक्क्यांवर आला. ८० च्या वर जाऊ द्यायचा नाही असा आमचा दंडक, त्यात बसला.

ती डिस्क पलीकडच्या गावी मी स्वतः नेली. तेरा महिन्यांचा फरक त्या भागातल्या इंटरनेटवरून पाठवायचा तर आठवडा गेला असता, तेही लाइन टिकली तर. प्लॅस्टिकच्या डब्यात डिस्क, डबा दप्तरात, दप्तर रेनकोटच्या आत. पलीकडच्या मशीनवर जुनी प्रत बाजूला ठेवून नवी उतरवली. यानंतरचा रोजचा फरक पुन्हा लाइनवरून जाऊ शकतो, कारण दोन्हीकडे एक स्नॅपशॉट सामाईक असला की पुरे, आणि झेडएफएस तो नावाने नाही तर आतल्या ओळख क्रमांकाने ओळखते. म्हणून शेवटी चालू व्हॉल्यूमचे नाव बदलून 'हिशेब' केले, मशीनच्या सेटिंगमध्येही तेच घातले, तरी साखळी तुटली नाही. 'चाचणी' हा शब्द त्या सर्व्हरवर आता कुठेच नाही.

हा लेख वाचणारे सगळे झेडएफएसवाले नसतील, म्हणून थोडे इतरांचे. सेफ (Ceph) या साठवण प्रणालीच्या आरबीडी या आभासी डिस्कमध्ये क्लोनला मूळ प्रतिमेपासून सोडवायला 'फ्लॅटन' करतात आणि ते नोंद बदलत नाही, खरोखर डेटा नकलते. वेळ लागतो, जागा लागते, पण झाल्यावर दोघांचा संबंध पूर्ण सुटतो. नेटॲप कंपनीच्या साठवण यंत्रांतले क्लोन स्प्लिटही मुळात नकलणारेच, नव्या ऑल-फ्लॅश यंत्रांवर मात्र ब्लॉक सामाईकच राहतात. क्यूकाऊ२ (qcow2) या आभासी डिस्कच्या फायलींमध्ये खालच्या फाइलवर टेकलेली वरची फाइल 'रीबेस' करून मोकळी करतात. तिथे धोका जास्त, कारण खालची फाइल साध्या आज्ञेने पुसताना कुणीच अडवत नाही. लिनक्सच्या एलव्हीएम या डिस्क-व्यवस्थेत दोन प्रकार आणि दोन्ही एकमेकांच्या उलट. जुन्या पद्धतीचा स्नॅपशॉट मूळ व्हॉल्यूमवर जगतो, मूळ काढले की तोही जातो आणि त्याला दिलेली जागा भरली तर तो निकामी होतो. थिन पूलमधला (लागेल तशीच जागा देणाऱ्या साठ्यातला) स्नॅपशॉट मात्र मुळाच्या बरोबरीचा. मूळ काढले तरी तो राहतो, फक्त तो आपोआप चालू होत नाही, चालू करताना मोठा के लावावा लागतो. या एका के पायी 'स्नॅपशॉट गेला' म्हणून घाबरलेल्या माणसांचे फोन मला आलेले आहेत. तुमच्याकडे यातले काय आहे ते आधी बघा, कारण एकाची सवय दुसऱ्यावर चालवली तर डेटा जातो.

संस्थेत आता बॅकअपच्या मेलचा विषय 'पूर्ण' असा नसतो. विषयातच 'रिटन'चा आकडा असतो आणि कामाच्या दिवशी तो शून्य आला तर माझ्या आणि ऑपरेटरच्या फोनवर एसएमएस येतो. सर्व्हरवर ओरिजिन असलेली व्हॉल्यूम्स दर सोमवारी वहीत लिहिली जातात, क्लोन कशासाठी काढला आणि कधीपर्यंत ठेवायचा यासकट. ती लाल वही आता कपाटात नाही, सर्व्हरशेजारी दोरीने बांधलेली आहे.

१ ऑगस्टला बंदी उठली. वाऱ्यामुळे पहिल्या दिवशी थोड्याच होड्या बाहेर पडल्या, पण डिझेलच्या आणि बर्फाच्या नोंदी दिवसभर चालल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मेल आला. विषयात लिहिले होते: हिशेब, रिटन ९.४ जीबी. मी तो उघडून अकराव्या ओळीपर्यंत वाचला.